बिंदूच्या उजवीकडे की डावीकडे: मकरपुऱ्यातील एका कारखान्याच्या डोमेनचे प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत एका मराठी कुटुंबाचा गॅस्केट आणि सील तयार करण्याचा कारखाना आहे. दांडिया बाजारात वाढलेल्या काकांनी एका रासायनिक कंपनीतली देखभाल विभागाची नोकरी सोडून, एक प्रेस आणि दोन कारागीर एवढ्या भांडवलावर तो १९८९ साली सुरू केला. आज तिथे चाळीसच्या आसपास माणसे कामाला आहेत. माल मुख्यतः नंदेसरी, अंकलेश्वर आणि दहेज पट्ट्यातल्या कारखान्यांना जातो. पाइपच्या दोन फ्लँजांच्या, म्हणजे जोडाच्या कडांच्या, मध्ये बसणारी ही चकती दिसायला किरकोळ असते, पण ती गळली तर अख्खी लाइन बंद ठेवावी लागते. म्हणूनच गॅस्केट विकत घेणारा अधिकारी आधी पुरवठादाराचे कागद तपासतो आणि मगच भावाचे बोलतो.

या कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. लहान कारखान्यांची संगणक आणि मेलची कामे मी पाहतो. या प्रकरणात माझा प्रवेश उशिरा, म्हणजे गाडी रुळावरून घसरल्यावर झाला.

२०२१ पर्यंत कारखान्याचा सगळा पत्रव्यवहार मोफत जीमेलच्या खात्यावरून चालत असे. काकांची मुलगी, जिला इथे ताई म्हणतो, धंद्यात आल्यावर तिने स्वतःची वेबसाइट आणि कंपनीच्या नावाचा मेल असावा असा आग्रह धरला, आणि तो अगदी रास्त होता. शोध घेतल्यावर कळले की कारखान्याच्या नावाचे डॉट कॉम डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, डोमेनांच्या एका व्यापाऱ्याने अडवून ठेवले आहे. त्याने ४,२०० डॉलर मागितले, म्हणजे त्या वेळचे तीन लाखांहून अधिक रुपये. डॉट इनमध्ये तेच नाव कोइम्बतूरच्या एका नामसाधर्म्य असलेल्या कंपनीकडे होते. ती कंपनी ते प्रामाणिकपणे वापरत होती, त्यामुळे तिथे वादाला जागाच नव्हती. वेबसाइट करून देणाऱ्या तरुणाने सुचवले की नवी एक्स्टेन्शने, म्हणजे डॉट कॉममधल्या ‘कॉम’सारखे बिंदूच्या उजवीकडचे शेवटचे शब्द, आली आहेत, त्यांपैकी उद्योगाशी संबंधित एक इंग्रजी शब्द घेऊ. तो शब्द दहा अक्षरी होता. पहिल्या वर्षाचा दर साडेचारशे रुपये होता आणि कारखान्याचे नाव जसेच्या तसे मिळत होते.

ही नवी एक्स्टेन्शने आली कुठून, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग ही नावे १९८५ च्या सुमाराची. २०११ साली आयकॅनने, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, सिंगापूरच्या बैठकीत नव्या सर्वोच्च स्तरावरील नावांना मोकळीक दिली, आणि २०१२ मध्ये प्रत्येकी १,८५,००० डॉलर शुल्क भरून १,९३० अर्ज आले. पहिली चार नावे ऑक्टोबर २०१३ मध्ये इंटरनेटच्या मूळ यादीत दाखल झाली, आणि ती चारही अरबी, सिरिलिक आणि चिनी लिपीतली होती, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. पुढे ही संख्या बाराशेच्या वर गेली. व्यावसायिकांना तेव्हा सांगितले गेले की डॉट कॉममधली टंचाई आता संपली, बिंदूच्या उजवीकडे भरपूर जागा मोकळी झाली आहे.

अडचण

पहिली खूण फेब्रुवारी २०२२ मध्ये दिसली. एका मोठ्या खरेदीदार कंपनीच्या पोर्टलवर व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरायचा होता. ताईने जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, बँकेचा रद्द केलेला चेक, सगळे चढवले. ई-मेलच्या चौकटीत नवा पत्ता टाकला की खाली लाल अक्षरांत ओळ उमटे, ‘वैध ई-मेल टाका’. तिने तीनदा टाकला, एकदा कॉपी करून चिकटवला, एकदा काकांना शेजारी बसवून एकेक अक्षर वाचायला लावले. शेवटी जुना जीमेलचा पत्ता टाकला, तो पहिल्याच फटक्यात स्वीकारला गेला. मोठे दिसण्यासाठी ज्याच्यावर खर्च केला त्या डोमेनला बाहेर ठेवून कारखाना त्या यादीत जुन्याच पत्त्यावर दाखल झाला.

यामागचे कारण तांत्रिक आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. अनेक जुन्या फॉर्मांमध्ये पत्ता तपासणारा नियम असा लिहिलेला असतो की शेवटच्या बिंदूनंतर दोन ते चार अक्षरेच असावीत. ज्यांनी थोडा पुढचा विचार केला त्यांनी ती मर्यादा सहा केली, कारण २००१ मध्ये आलेले डॉट म्युझियम बरीच वर्षे सर्वांत लांब होते. दहा अक्षरांचे एक्स्टेन्शन या चाळणीतून जात नाही. नियम लिहिणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो आणि खरेदी विभागाला तो बदलण्याची घाई नसते. सर्व नावे सर्व प्रणालींनी स्वीकारावीत यासाठी युनिव्हर्सल अॅक्सेप्टन्स नावाची चळवळ चालू आहे, २०२३ पासून तिचा वार्षिक दिवसही पाळला जातो. पण ते काम हजारो ठिकाणच्या हजारो फॉर्मांचे आहे, आणि गॅस्केटवाल्याची निविदा तोवर थांबत नाही.

दुसरी अडचण तोंडी व्यवहाराची होती. फोनवर पत्ता सांगितला की समोरचा माणूस सवयीने शेवटी डॉट कॉम जोडी. अंकलेश्वरच्या एका कारखान्याने ड्रॉइंगसह पाठवलेली चौकशी अशीच भलत्या पत्त्यावर गेली. आठ दिवस उत्तर आले नाही म्हणून त्यांनी दुसऱ्याला ऑर्डर दिली. ती ड्रॉइंग कोणाच्या हाती पडली हे शेवटपर्यंत कळले नाही, आणि काकांना याचेच दुःख अधिक होते, कारण ग्राहकाचे ड्रॉइंग हा त्यांच्या दृष्टीने विश्वासाने ठेवायला दिलेला ऐवज असतो.

तिसरी तक्रार, की कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाते. इथे मात्र सगळा दोष एक्स्टेन्शनवर टाकणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या वर्षी मातीमोल दराने विकली जाणारी नावे स्पॅम पाठवणारेही घाऊक घेतात आणि त्यामुळे मेल स्वीकारणाऱ्या प्रणाली त्यांच्याकडे संशयाने पाहतात, हे खरेच आहे. परंतु मेल खरोखर त्याच डोमेनवरून आला आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्ही नोंदी या डोमेनवर केलेल्याच नव्हत्या. त्या नसतील तर डॉट कॉमचाही मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो.

जून २०२४ मध्ये कळस झाला. एका सोमवारी सकाळी मेल येईनात आणि वेबसाइटच्या जागी रजिस्ट्रारचे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीचे, जाहिरातीचे पान दिसू लागले. डोमेनची मुदत संपली होती. डोमेन वेबसाइटवाल्या तरुणाच्या खात्यात, त्याच्या नावावर होते. दरवर्षीचे पैसे त्याच्या कार्डावरून आपोआप कापले जात आणि तो ते देखभालीच्या बिलात लावत असे. तो परदेशी गेला, जुने कार्ड रद्द झाले, मुदतीच्या सूचना त्याच्या जुन्या मेलवर पडून राहिल्या. काकांनी मला बोलावले ते या दिवशी. ऑफिसात शिरताच त्यांनी विचारले, ‘अहो, नाव आमचं, पैसे आम्ही दिले, मग मालक कोण?’ रजिस्ट्रारच्या लेखी मालक तोच तरुण होता, हे मला त्यांना सांगावे लागले.

समोरचे पर्याय

त्या तरुणाला शोधून काढायला नऊ दिवस गेले. तो भला माणूस होता, त्याने फोनवरच खात्याचा पासवर्ड आणि सांकेतिक क्रमांक दिला. मुदत संपल्यानंतरचा काळ कसा मोजला जातो हे प्रत्येक व्यावसायिकाने जाणून ठेवावे. मुदतीनंतर साधारण ४५ दिवसांपर्यंतची सवलत मिळू शकते, पण ती किती द्यायची हे रजिस्ट्रार ठरवतो. नाव काढून टाकल्यावर ३० दिवस ते जबर दंड भरून परत मिळवता येते, आणि त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही घेण्यास मोकळे होते. आम्ही सवलतीच्या काळात होतो, म्हणून साध्या नूतनीकरणावर निभावले. ते नूतनीकरणही साडेतीन हजारांचे होते, पहिल्या वर्षाच्या जवळजवळ आठपट.

मग आम्ही तिघे बसलो. आहे तेच डोमेन चालू ठेवावे असे काकांचे मत होते. बारा वर्षे जुना बोर्ड बदलायलाही ते नाखूष असतात, आणि ग्राहकांना वारंवार पत्ता बदलून सांगणे हे त्यांना अस्थिरतेचे लक्षण वाटते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. माझी शंका दराबद्दल होती. डॉट कॉमच्या घाऊक दरवाढीला आयकॅनबरोबरच्या करारात मर्यादा घातलेली आहे, नव्या एक्स्टेन्शनांना तशी मर्यादा नाही. रजिस्ट्रीने, म्हणजे ते एक्स्टेन्शन चालवणाऱ्या संस्थेने, नूतनीकरणाचा दर वाढवण्यापूर्वी १८० दिवसांची सूचना रजिस्ट्रारांना द्यायची आणि जुन्या दराने दहा वर्षांपर्यंत नूतनीकरण करू द्यायचे, एवढेच संरक्षण आहे. ती सूचना आपल्यापर्यंत पोहोचते का, हा पुन्हा वेगळाच प्रश्न. रजिस्ट्रीच बुडाली तर काय, असेही ताईने विचारले. त्याची तरतूद आहे. २०१७ साली डॉट वेडची रजिस्ट्री अडचणीत आली तेव्हा आयकॅनने तिचे काम आपत्कालीन चालकाकडे सोपवले होते.

डॉट कॉम विकत घेण्याचा विचार ताईने पुन्हा केला. त्या व्यापाऱ्याने आता दर वाढवला होता, घासाघीस करूनही तो खाली आला नाही.

डॉट भारतवर आमची बरीच चर्चा झाली, आणि तिच्यावर थोडे थांबण्याची माझी इच्छा आहे. देवनागरीतले डॉट भारत २०१४ च्या ऑगस्टपासून उपलब्ध आहे, मराठीसह अनेक भाषांना ते चालते आणि त्याची व्यवस्था डॉट इनप्रमाणेच निक्सी ही संस्था पाहते. कारखान्याचे नाव कुलदेवतेचे आहे. ते देवनागरीत पडद्यावर पाहून काकांचा चेहरा उजळला. पण बडोद्यात ग्राहक गुजराती, आणि गुजराती लिपीतले डॉट भारत हे वेगळे डोमेन असते. तेच नाव दोन लिप्यांत दोनदा घ्यावे लागते. यंत्रणेच्या पोटात ही नावे एक्सएन आणि दोन जोडरेषांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठवली जातात. काही मेल प्रणाली ग्राहकाला मूळ नावाऐवजी ती अक्षरेच दाखवतात, आणि खरेदी अधिकाऱ्याला तो पत्ता फसवणुकीचा वाटू शकतो. पोर्टलवर इंग्रजीतले दहा अक्षरांचे एक्स्टेन्शन जिथे अडते तिथे देवनागरी अडणार हे उघड होते. मी मनापासून इच्छितो की ही स्थिती बदलावी. त्या दिवशी मात्र मी मेलसाठी त्याचा सल्ला देऊ शकलो नाही.

उरला तो पर्याय ताईला सुचला. ती म्हणाली, ‘आपण बिंदूच्या उजवीकडेच का शोधतोय? डावीकडे एक शब्द वाढवू या.’ कारखान्याच्या नावापुढे ‘गॅस्केट्स’ जोडले तर डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही मोकळे होते, साध्या दराने. ग्राहक फोनवर बोलताना तसेही ‘ते गॅस्केटवाले’ म्हणूनच ओळखत होते.

काय केले

निर्णय एका दिवसात झाला, अंमलबजावणीला सात महिने लागले. आधी जुने डोमेन कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या स्वतःच्या खात्यात आणले. नंतर नवे डॉट इन मुख्य म्हणून घेतले आणि डॉट कॉम सोबतीला. दोन्ही लांब मुदतीसाठी घेतली, आणि संपर्काचा मेल मुद्दाम त्या डोमेनवरचा ठेवला नाही, कारण डोमेन बंद पडले तर त्याचीच सूचना त्याच्याच मेलवर कशी पोहोचणार? एसपीएफ, डीकेआयएम आणि त्याच जातीची डीमार्क या नोंदी केल्या. जुन्या पत्त्यावर येणारा प्रत्येक मेल नव्या पेटीत उतरेल अशी व्यवस्था केली.

त्यानंतर खरी यादी समोर आली. जीएसटी पोर्टल, उद्यम, आयात-निर्यात कोड, बँक, वीज कंपनी, आयएसओ प्रमाणपत्र, लेटरहेड, टेस्ट सर्टिफिकेटचा नमुना, ट्रान्सपोर्टरची खाती. ताईने वहीत एक तक्ता आखला आणि दर शनिवारी दोन-तीन ठिकाणे बदलत गेली.

कोइम्बतूरच्या कंपनीला तिने स्वतः फोन केला. त्यांचेही मेल अधूनमधून चुकून इकडे येत असावेत आणि इकडचे तिकडे जात असावेत, हा तिचा अंदाज खरा निघाला. दोघांनी ठरवले की चुकीचा मेल आला तर तो न उघडता पुढे पाठवायचा. या फोनसाठी कोणी सल्लागार नेमला नव्हता, पण सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट कदाचित हीच असेल.

मग टॅग समोर आले. २०२२ पासून मोठ्या मापाच्या प्रत्येक गॅस्केटला एक छोटा पत्र्याचा टॅग तारेने बांधला जात होता. त्यावर हीट नंबर (धातूच्या ओतणीचा क्रमांक), माप, दाब-वर्ग, आणि क्यूआर कोड. तो स्कॅन केला की वेबसाइटवरचे त्या तुकड्याचे टेस्ट सर्टिफिकेट उघडे. कल्पना उत्तम होती आणि ग्राहकांना आवडली होती. पण त्या कोडमध्ये जुने डोमेन कोरले गेले होते. असे हजारो टॅग आज दहेजपासून हाजिऱ्यापर्यंत पाइपांना लटकलेले आहेत. जुने डोमेन सोडले आणि उद्या कोणी तिऱ्हाइताने घेतले, तर देखभालीचा माणूस फ्लँजसमोर उभा राहून कोड स्कॅन करील आणि त्याच्यासमोर दुसऱ्याचेच पान उघडेल. हा धोका लक्षात आल्यावर काका बराच वेळ गप्प बसले. जुने डोमेन दहा वर्षांसाठी, म्हणजे नियमानुसार जास्तीत जास्त जेवढे घेता येते तेवढे, त्याच दिवशी भरून टाकले.

परिणाम

नवा पत्ता आजवर एकाही पोर्टलने नाकारलेला नाही. कोटेशन स्पॅममध्ये गेल्याच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. त्याचे श्रेय एक्स्टेन्शनला किती आणि नोंदींना किती, हे वेगळे काढता येत नाही. अंकलेश्वरचा ग्राहक वर्षभराने परत आला. जुन्या पत्त्यावर अजूनही आठवड्याला पाच-सहा मेल येतात, त्यांत एखादी खरी चौकशी असते.

दरम्यान व्यावसायिकांच्या एका बैठकीत आयकॅनच्या पुढच्या फेरीची चर्चा निघाली. अर्ज स्वीकारण्याची सुरुवात ३० एप्रिल २०२६ ची ठरली होती आणि शुल्क २,२७,००० डॉलर, म्हणजे जवळजवळ दोन कोटी रुपये होते. लंडन, बर्लिन, टोकियो यांची स्वतःची एक्स्टेन्शने आहेत, तर बडोद्याचे का नसावे, असे एका तरुण उद्योजकाने उत्साहाने विचारले. शहराच्या नावासाठी संबंधित सरकारी यंत्रणेचे संमतीचे किंवा हरकत नसल्याचे पत्र लागते, रजिस्ट्री चालवण्याची तांत्रिक क्षमता दाखवावी लागते, आणि २०१२ च्या करारानुसार नुसते आयकॅनचे ठरावीक शुल्कच तिमाहीला ६,२५० डॉलर होते. मकरपुऱ्यातल्या कारखानदाराने अर्जदार होण्याचा हा रस्ता नाही, असे मी तिथे स्पष्ट सांगितले. नावे घेणाऱ्याच्या बाजूने मात्र ही फेरी त्याच्या दारात येणार आहे. आणखी शेकडो शब्द विक्रीला निघतील, आणि प्रत्येकाबरोबर पहिल्या वर्षाची स्वस्ताई असेल.

माझ्या मते नव्या एक्स्टेन्शनांचे भविष्य त्यांच्या दारावर कोणी पहारा ठेवतो की नाही यावर ठरेल. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये भारतीय बँकांना डॉट बँक डॉट इनवर जाण्यास सांगितले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. तिथे नाव देण्याचे काम आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे आणि बँक नसलेल्याला ते मिळत नाही. त्यामुळे ते शेवटचे शब्द ग्राहकाला काहीतरी खरे सांगतात. जे एक्स्टेन्शन कोणालाही साडेचारशे रुपयांत मिळते ते ग्राहकाला काहीच सांगत नाही, मग शब्द कितीही भारदस्त असो. अर्थात ज्यांचे गिऱ्हाईक क्यूआर कोडने किंवा इन्स्टाग्रामवरून येते, त्या अलकापुरीतल्या बेकरीला किंवा छायाचित्रकाराला नवे, छोटे, लक्षात राहणारे नाव शोभून दिसते आणि फारसे नडत नाही. ज्याचा धंदा मेल, फॉर्म आणि निविदा यांवर चालतो त्याचे गणित निराळे असते.

वेगळे काय करता आले असते

२०२१ मध्येच डावीकडे एक शब्द वाढवला असता तर हे प्रकरण घडलेच नसते. तेव्हा तो सुचला नाही याचे कारण असे की नाव तंतोतंत मिळालेच पाहिजे हा हट्ट सगळ्यांचा होता, आणि कुलदेवतेच्या नावाला दुसरा शब्द चिकटवणे काकांना तेव्हा रुचले नसते. हा निर्णय त्या वेळी चूक होता असे मी म्हणणार नाही, कारण माहिती अपुरी होती. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये पोर्टलने पत्ता नाकारला, तो क्षण थांबून विचार करण्याचा होता. तेव्हा टॅगवर कोड छापायला नुकतीच सुरुवात झाली होती, अवघे दीड-दोनशे टॅग बाहेर गेले होते. तिथे थांबले असते तर आज दहा वर्षांच्या नूतनीकरणाचे ओझे नसते.

डोमेन कोणाच्या नावावर आहे हे पहिल्या बिलाच्या वेळी विचारले गेले नाही. कारखान्याचा प्लॉट, विजेची जोडणी, टेम्पो, सगळ्याचे कागद काकांच्या कपाटात क्रमाने लावलेले आहेत, एवढा हा एकच कागद त्यांनी कधी मागितला नव्हता.

माझ्याकडूनही एक गोष्ट राहिली. टॅगवरचा कोड थेट वेबसाइटच्या पानाकडे न नेता मध्ये एक स्वतंत्र, छोटे, कायम ठेवायचे डोमेन घालावे हे मी सातव्या महिन्यात सुचवले, पहिल्याच आठवड्यात सुचवायला हवे होते. त्या काळात बांधलेले टॅगही जुन्याच पत्त्याचे गेले.

आता काकांच्या टेबलाच्या खणात एक जाड वही असते. अग्निशमन दाखल्याची मुदत, वजनकाट्याच्या शिक्क्याची तारीख, बॉयलरच्या तपासणीचा महिना, अशा नोंदी त्यांच्या अक्षरात तिच्यात आहेत. त्याच पानावर खाली सगळ्या डोमेनांच्या तारखा लिहिल्या आहेत, जुन्याची ‘२०३४’ ही तांबड्या शाईत, आणि तिच्यापुढे ताईच्या अक्षरात, ‘टॅग आहेत तोवर सोडायचे नाही.’